धुराचा सातबारा

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मोटारीचा धूर म्हटले की घाट चढताना कण्हणारा ट्रक आणि त्याच्यामागे सुटलेला काळा लोट आपल्या डोळ्यांपुढे येतो. तो धूर डोळ्यांना झोंबतो, छातीत बसतो आणि त्याच्याविषयी कुणाकडे तरी तक्रार करता येते. आज मला ज्या धुराविषयी बोलायचे आहे तो मात्र दिसत नाही आणि त्याला वासही नाही. इंजिन जितके नीट चालेल, इंधन जितके पूर्ण जळेल, तितका तोच काय तो नळीतून बाहेर पडतो. त्याचे नाव कार्बन डायऑक्साइड. आपण ठरलेल्या मुदतीने गाडीची पीयूसी काढतो. तिथे पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन पाहतात, डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा मोजतात. कार्बन डायऑक्साइड जास्त निघाला म्हणून पीयूसीत कुणी नापास होत नाही.

पण तो निघतो किती? एक लिटर पेट्रोलचे वजन भरते सुमारे पाऊण किलो. ते जळले की त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो सुमारे २.३ किलो. पहिल्यांदा हा आकडा वाचला तेव्हा मला छपाईची चूक वाटली. पाऊण किलोतून सव्वादोन किलो कसे निघतील? उत्तर शाळेच्या पुस्तकातलेच आहे. पेट्रोलमधला कार्बनचा प्रत्येक अणू जळताना हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू सोबत घेतो, आणि ते दोघे मिळून त्याच्यापेक्षा जड असतात. म्हणजे वजनातला मोठा वाटा हवेचा, कार्बन मात्र आपल्या टाकीतला. डिझेलच्या लिटरमागे हा आकडा २.७ किलोच्या आसपास जातो.

आता प्रश्न असा, की हे सव्वादोन किलो कुणाच्या नावावर चढवायचे? गाडी चालवणाऱ्याच्या, गाडी बनवणाऱ्याच्या, की पेट्रोल विकणाऱ्याच्या? जमिनीचा सातबारा असतो, त्यावर मालकाचे नाव असते, कुळाचे असते, बँकेचा बोजासुद्धा असतो. धुराचा सातबारा कुणी लिहायचा?

तो लिहिण्याची एक रीत २००१ साली छापून आली. अमेरिकेतली वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट ही पर्यावरणाची अभ्याससंस्था आणि वर्ल्ड बिझनेस कौन्सिल फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट ही उद्योगांची संघटना यांनी मिळून ‘ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल’ नावाची हिशेबपद्धती तयार केली. २००४ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. आज जगभरातल्या मोटार कंपन्या आपले उत्सर्जन मोजतात ते बहुतेक याच पद्धतीने. उत्सर्जन या शब्दाशी माझे फारसे जमत नाही, ही गोष्ट वेगळी. शाळेत आम्ही उत्सर्जन संस्था शिकलो ती मूत्रपिंडाची. पण दुसरा शब्द रुळलेला नाही. हरितगृह वायू म्हणतानाही कुठेतरी हिरवेगार असेल असा भास होतो. असो. हे वायू हिशेबात सात धरतात. कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड यांची नावे आपल्या कानांवर असतात, उरलेले चार फ्लोरिनच्या कुळातले. सगळ्यांचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडच्या वजनात करतात आणि मग बेरीज मांडतात.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. हिशेबाच्या वहीशी माझा संबंध वाण्याच्या उधारीपुरता. तरी या वहीत मला रस वाटला तो तिच्यातल्या ‘आपले’ या एका शब्दामुळे. आपला धूर कोणता आणि दुसऱ्याचा कोणता, एवढ्याच गोष्टीवर ही सगळी पद्धत उभी आहे. तिने तीन वर्ग केले. इंग्रजीत त्यांना स्कोप म्हणतात, मराठीत व्याप्ती म्हणता येईल. आपण कारखान्यांतल्या लोकांप्रमाणे स्कोपच म्हणू.

पहिला स्कोप म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या चुलीतला जाळ. मोटार कारखान्यात भट्ट्यांसाठी जाळलेला गॅस, वीज गेल्यावर चालणारे डिझेल जनरेटर, कंपनीच्या मालकीच्या गाड्या, चाचणीसाठी पळवलेली इंजिने, हे सगळे यात येते. रंगकाम हा मोटार कारखान्यातला सर्वांत खादाड विभाग. गाडीचा सांगाडा रंगाच्या हौदातून निघतो, भट्टीत भाजला जातो, पुन्हा रंग, पुन्हा भट्टी, आणि सगळा वेळ तिथली हवा ठरावीक तापमानाला, धूळ न राहू देता ठेवावी लागते. गळतीही पहिल्याच स्कोपात मोडते. गाडीच्या एसीत भरतात तो आर-१३४ए नावाचा वायू एक किलो सुटला, तर वातावरण तापवण्यात तो सुमारे १३०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा ठरतो. एका गाडीत तो साधारण अर्धा किलो असतो. भरताना कारखान्यात गळला तर कंपनीचा पहिला स्कोप. तोच वायू चार वर्षांनी तुमच्या गाडीतून रस्त्यावर गळला, की तिसरा. वायू तोच, वरचे आभाळ तेच, फक्त वहीतले पान बदलले.

दुसरा स्कोप विकत घेतलेल्या विजेचा. कारखाना चाकणला असतो आणि कोळसा जळतो चंद्रपूरला किंवा कोराडीला. चाकणच्या रंगविभागात पांढरे कपडे घातलेली माणसे फिरतात, जमिनीवर धुळीचा कण नसतो. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे, आणि तिथली उन्हाळ्यातली हवा कशी असते हे चंद्रपूरकरांना विचारावे. आपल्या देशाच्या जाळ्यातल्या एका युनिट विजेमागे सरासरी ७०० ग्रॅमहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड पडतो. कारखान्याने जितकी युनिटे वापरली, तितका तो धूर त्याच्या नावावर लागतो. ही पद्धतीतली मला पटलेली गोष्ट. विजेची तार कितीही लांब असली तरी दुसऱ्या टोकाची राख तिने वहीत आणली.

पण इथेच एक फाटा फुटतो. २०१५ पासून दुसरा स्कोप दोन रीतींनी मांडतात. एक रीत म्हणते, तुम्ही ज्या जाळ्यातून वीज घेता त्याची सरासरी धरा. दुसरी म्हणते, तुम्ही पवनचक्कीवाल्याशी करार केला असेल, हरित विजेची प्रमाणपत्रे घेतली असतील, तर तेवढी वीज शून्य धुराची धरा. साताऱ्याच्या पठारांवर पवनचक्क्या फिरतात, त्यांची वीज ग्रिडमध्ये मिसळते. तारेतून येणाऱ्या विजेवर नाव नसते, कागदावर असते. करार करूच नयेत असे माझे म्हणणे नाही. अशा करारांमुळेच नव्या पवनचक्क्या उभ्या राहू शकतात. पण एकाच कारखान्याचे त्याच वर्षाचे दोन आकडे निघतात, आणि जाहिरातीत कोणता छापला जातो हे सांगायला नको.

या दोन स्कोपांवर कंपन्या खूप बोलतात. कारखान्याच्या छपरावर सौर पॅनेल, आवारात झाडे, दिवे एलईडीचे. त्यांची छायाचित्रे छान येतात. हे काम खोटे नाही. मात्र मोटार बनवणाऱ्या कंपनीच्या पूर्ण हिशेबात पहिला आणि दुसरा स्कोप मिळून शंभरातले पाचसुद्धा भरत नाहीत, बऱ्याचदा दोन-तीनच. उरलेले पंच्याण्णवहून अधिक तिसऱ्या स्कोपात असतात.

तिसरा स्कोप म्हणजे आपल्या मालकीचे नाही, पण आपल्यामुळे घडते ते सगळे. व्याप्तीपेक्षा व्यापच म्हणावा असा हा प्रकार. त्याची स्वतंत्र नियमावली २०११ मध्ये आली आणि तिने १५ गट पाडले. आठ गट गाडी दारातून बाहेर पडण्याआधीचे, सात नंतरचे. आधीच्यांत विकत घेतलेला माल, यंत्रसामग्री, वाहतूक, कचरा, साहेबलोकांचे विमानप्रवास, कामगारांची घर ते कारखाना ये-जा असे गट येतात. पहाटे निगडीच्या चौकात कंपन्यांच्या बसगाड्या रांगेने उभ्या असतात, त्यांचे डिझेलही इथे. नंतरच्यांत वितरकांची दालने, भाड्याने दिलेल्या गाड्या, जुन्या गाड्यांची मोडतोड, कंपनीने इतरत्र गुंतवलेला पैसा असे गट आहेत. पंधराच्या पंधरा सांगत बसलो तर तुम्ही रेडिओ बंद कराल. मोटारधंद्यात खरे वजन दोनच गटांचे. पहिला, विकत घेतलेला माल, आणि अकरावा, विकलेल्या वस्तूचा वापर.

आधी पहिला घेऊ. मोटारीत लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम, प्लास्टिक, रबर, काच, तांबे अशा कितीतरी गोष्टी असतात, आणि मोटार कंपनी त्यांतली बहुतेक स्वतः बनवत नाही. ती घेते आणि जोडते. भारतात एक टन पोलाद तयार होताना सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. एक टन ॲल्युमिनियमसाठी साधारण १४ हजार युनिट वीज लागते, आणि ती कोळशाची असेल तर हिशेब तुम्हीच करा. गाडी हलकी व्हावी, तिने कमी पेट्रोल प्यावे म्हणून पोलादाच्या जागी ॲल्युमिनियम घातले, तर अकराव्या गटातले वजन पहिल्या गटात सरकते. किती सरकते, आणि गाडी किती चालल्यावर ते फिटते, हा अभियंत्यांचा खरा खटाटोप आहे.

माझा एक जुना मित्र भोसरीत छोटे वर्कशॉप चालवतो. चार सीएनसी यंत्रे आणि नऊ माणसे. त्याचा माल जातो एका मोठ्या पुरवठादाराकडे आणि तिथून मोटार कंपनीकडे. गेल्या वर्षी त्याच्या हातात एक इंग्रजी तक्ता आला. वर्षाची वीज किती, डिझेल किती, गॅस किती, कच्चा माल कुठून घेतला, त्या मालामागे कार्बन किती, सगळे विचारलेले. तो तक्ता घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, “तू शिकलेला आहेस, हे काय मागतायत सांग.” मी म्हटले, “मी शिकलोय ते तुकाराम आणि केशवसुत.” तरी आम्ही दोघे बसलो. विजेची बिले होती, डिझेलच्या पावत्या होत्या, तेवढे भरले. पण पोलादाचा बार तो घेतो चिंचवडच्या व्यापाऱ्याकडून. तो बार झोतभट्टीतून आला की भंगार वितळवून झाला, हे व्यापारीही सांगू शकत नाही. त्या रकान्यापुढे तो बराच वेळ पेन धरून बसला. “इथे काय लिहू?” मी म्हटले, “ठाऊक नाही असे लिही.” तो म्हणाला, “तसा रकाना नाही.”

हा रकाना रिकामा राहिला की मोठ्या कंपनीच्या हिशेबात काय होते ते ऐका. मालाच्या वजनावरून किंवा पुरवठादाराच्या खऱ्या मापावरून आकडा मिळत नसेल, तेव्हा किमतीवरून काढायची मुभा आहे. अमुक लाखांचा माल घेतला, त्या प्रकारच्या मालामागे रुपयाला इतके ग्रॅम, गुणाकार करा. समजा, माझ्या मित्राने शेडवर सौर पॅनेल बसवले आणि त्याचा खर्च निघावा म्हणून नगामागे एक रुपया वाढवला. किमतीच्या रीतीने त्याचा धूर कमी न होता वाढलेला दिसेल. शेजारच्याने जुन्या जनरेटरवर काम काढून भाव पाडला, तर तो स्वच्छ ठरेल. नियमावलीलाही हे माहीत आहे, म्हणून ती या रीतीला शेवटचा पर्याय म्हणते. पण जिथे पुरवठादारांची उतरंड चार-पाच मडक्यांची आहे, तिथे खालच्या मडक्यांपर्यंत शेवटचा पर्यायच पोचतो.

कोल्हापूरच्या फाउंड्र्यांचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगाव भागात इंजिनांचे आणि गाड्यांचे ओतीव भाग होतात. पूर्वी लोखंड वितळायचे कोकवर चालणाऱ्या क्युपोला भट्टीत. तो धूर शिवारावर पसरायचा. पुढे अनेकांनी विजेवरच्या इंडक्शन भट्ट्या घेतल्या. हवा सुधारली, कामगारांच्या छातीला आराम पडला, ही मोठीच गोष्ट झाली. पण कार्बनच्या वहीत काय झाले? कोक पहिल्या स्कोपात होता, वीज दुसऱ्यात गेली. एक टन लोखंड वितळायला विजेवर साधारण ६०० युनिटे लागतात, म्हणजे आपल्या कोळशाच्या विजेने चारशेहून अधिक किलो कार्बन डायऑक्साइड. नीट चालवलेल्या क्युपोलातला कोकही याच घरातला आकडा देतो. तेव्हा धूर शिरोलीतून हलला तो बराचसा विजेच्या तारेने वीजकेंद्राकडे गेला. आणि गाडी बनवणाऱ्याच्या वहीत? तिथे आधीही तो तिसरा स्कोप, पहिला गट होता आणि नंतरही तोच.

या तक्त्यांना आता धार आली आहे ती सरहद्दीवरून. युरोपीय संघाने लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम अशा मालाच्या आयातीवर कार्बनचा भार लावण्याची व्यवस्था आणली. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसते आकडे कळवायचे होते, १ जानेवारी २०२६ पासून आयात होणाऱ्या मालाच्या आकड्यांमागे पैसेही आले. त्यात पोलादाचे नटबोल्टसुद्धा आहेत. पैसे भरतो तिकडचा आयातदार, पण आकडा मागतो इकडच्या कारखानदाराकडे आणि भाव पाडून मागतो तोही त्याच्याकडेच.

जकात हा शब्द मी लहानपणापासून दोन अर्थांनी ऐकत आलो. घरात रमजानच्या दिवसांत वडील वर्षाच्या शिलकीतला अडीच टक्के भाग काढून ठेवत, ती एक जकात. तिचा हिशेब ज्याचा त्याने करायचा, तपासायला कुणी येत नाही. दुसरी जकात नाक्यावरची. तिथे शिपाई ताडपत्री वर करून माल पाहायचा. मुंबईचा नाकाही २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर बंद झाला. कार्बनचा हिशेब गेली वीस वर्षे पहिल्या जकातीसारखा चालला होता. ज्याने त्याने आपापला मांडावा आणि वार्षिक अहवालात छापावा. आता त्यालाही नाका उभा राहतो आहे. फरक इतकाच, की ताडपत्री उचलली जाते ती नटबोल्टांवरची. अकराव्या गटावर असा नाका नाही.

तर आता तो अकरावा गट. विकलेली गाडी तिच्या आयुष्यभरात जो धूर सोडेल, तो सगळा ती विकली त्या वर्षी कंपनीच्या नावावर चढवायचा. साधी मोटार धरा, लिटरला १८ किलोमीटर देणारी. ती दीड लाख किलोमीटर चालली तर पेट्रोल लागेल सुमारे ८३०० लिटर, आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होईल १९ टन. गाडीचे स्वतःचे वजन जेमतेम एक टन. बहुतेक मोटार कंपन्यांच्या एकूण बेरजेचा तीन चतुर्थांश किंवा त्याहून मोठा भाग हा एकटा गट खातो.

आणि हा सर्वांत मोठा आकडा अंदाजाचा आहे. गाडी किती चालेल? कुणी दीड लाख किलोमीटर धरते, कुणी दोन लाख. लिटरला किती देईल? ते ठरते प्रयोगशाळेत, रुळांवर गाडी चढवून. आपल्याकडे हे काम पुण्यात कोथरूडच्या टेकडीवरच्या एआरएआय या संस्थेच्या नावाने ओळखले जाते. गाडी घेताना विक्रेता सांगतो तो ‘एआरएआयचा ॲव्हरेज’ हाच. चाचणीत गाडी कशी पळवायची याचा जो ठरलेला क्रम आहे, त्याचे आद्याक्षरांचे नाव गमतीने एमआयडीसी असेच आहे. मराठी माणसाला एमआयडीसी म्हणजे औद्योगिक वसाहत. त्या एमआयडीसीतला धूर पाच टक्क्यांच्या आतला आणि या एमआयडीसीवर ठरणारा पंचाहत्तरच्या वरचा. चाचणीत कात्रजचा चढ नसतो, हिंजवडीच्या चौकातली पाऊण तासाची रांग नसते. रस्त्यावरचा खरा आकडा त्यामुळे बहुधा वाढीवच असतो.

सरकारने या बाजूला हात घातला तो कंपनीच्या सरासरीवर. वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी काढून किलोमीटरमागे कार्बन डायऑक्साइड किती, याची मर्यादा २०१७-१८ पासून १३० ग्रॅमच्या आसपास होती, ती २०२२-२३ पासून ११३ वर आली. पण मर्यादा गाड्यांच्या सरासरी वजनाशी बांधलेली आहे. गाड्या जड झाल्या की मर्यादाही सैल होते. आणि गाड्या जड होतच आहेत. आज देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींपैकी निम्म्याहून अधिक एसयूव्हीच्या घराण्यातल्या आहेत. ही निवड छपरावरच्या सौर पॅनेलांच्या कितीतरी पट मोठी. ती होते आराखड्याच्या टेबलावर, जाहिरातीच्या खोलीत, आणि खरे सांगायचे तर आपल्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्येही. तिच्यासाठी माझ्या मित्राला कुणी तक्ता पाठवलेला नाही.

विजेच्या गाडीचे काय, असे कुणी विचारील. तिला नळीच नाही, म्हणून ती शून्य, असे म्हणण्याची सोय या वहीत नाही, आणि ते बरे आहे. तिची चार्जिंगची वीज अकराव्या गटात येते, बॅटरी पहिल्यात. एक युनिट विजेत अशी मोटार सात किलोमीटर गेली असे धरा, तर आजच्या आपल्या विजेवर किलोमीटरमागे १०० ग्रॅम पडतात. पेट्रोलच्या त्या मोटारीचे १२८ होते, शिवाय तेलशुद्धीकरणाचा धूर वेगळा. म्हणजे आज फरक आहे, पण डोळे दिपावेत असा नाही. मात्र एक गोष्ट पेट्रोलच्या गाडीला कधीच जमणार नाही. जाळ्यातली वीज जसजशी सूर्याची आणि वाऱ्याची होत जाईल, तसतशी विजेची जुनी गाडी दारात उभ्या उभ्या स्वच्छ होत जाईल.

या वर्गीकरणातली खरी गंमत मला टॅक्सीच्या धंद्यात दिसते. एका कंपनीच्या मालकीच्या पेट्रोल टॅक्सी आहेत. तो धूर तिचा पहिला स्कोप. तिने विजेच्या टॅक्सी घेतल्या, तो दुसरा झाला. तिने टॅक्सी विकून टाकल्या, चालकांना म्हटले गाड्या तुमच्या, आम्ही फक्त मोबाइलवर गिऱ्हाईक देतो, की तो तिसरा झाला. रस्त्यावर तीच गाडी, तोच चालक, तेच पेट्रोल, आता कर्ज मात्र चालकाच्या नावावर. पहिले दोनच स्कोप छापणाऱ्या कंपनीचा आकडा अशा रीतीने एका रात्रीत घटतो.

मग एकच लिटर पेट्रोल किती जणांच्या वहीत चढते? टॅक्सी कंपनीच्या, गाडी बनवणाऱ्याच्या, तेल विकणाऱ्याच्या. ही दुबार मोजणी नव्हे का? आहे, आणि ती जाणूनबुजून ठेवली आहे. मयतीला चार जण खांदा देतात. प्रत्येक जण म्हणतो मी खांदा दिला, आणि ते खरे असते. चौघांचे खांदे मिळवून चार मयती झाल्या असे कुणी म्हणत नाही. म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांच्या तिसऱ्या स्कोपांची बेरीज करून देशाचा आकडा काढायचा नसतो. प्रत्येकाच्या हातात काय होते, एवढेच त्यातून पाहायचे.

आपल्याकडे सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना पर्यावरणाचा अहवाल सक्तीचा केला. त्यात पहिला आणि दुसरा स्कोप देणे आवश्यक, तिसरा ऐच्छिक. पोलाद किंवा सिमेंटच्या कारखान्याला हे चालून जाईल, कारण त्याचा जाळ घरातच आहे. मोटारवाल्याच्या बाबतीत मात्र शंभरातले पाच सक्तीचे आणि पंच्याण्णव मर्जीचे, असा तो मामला झाला. काही कंपन्या मर्जीने देतातही, हे नमूद केले पाहिजे. ज्या परदेशी कंपन्यांच्या इथल्या शाखा बाजारात नोंदलेल्याच नाहीत, त्यांना ही सक्तीही नाही. तेव्हा ‘आमचा कारखाना कार्बनमुक्त’ असा फलक महामार्गावर दिसला, तर त्यातला ‘कारखाना’ हा शब्द नीट वाचावा. फलक खरा असतो. तो गाडीबद्दल काही सांगत नाही.

आणि गाडीचे आयुष्य तरी कुठे वहीत मावते? कंपनीने दीड लाख किलोमीटर धरले. शहरात पहिला मालक ती सहा-सात वर्षे वापरतो, मग विकतो. ती तालुक्याला जाते, तिथून गावाला. साताऱ्या-सांगलीकडे वडापला लागलेल्या जुन्या जीपगाड्या तुम्ही पाहिल्या असतील. मीटर कधीच बंद पडलेला, दार दोरीने बांधलेले, आत बारा माणसे, टपावर कोंबड्यांची डालगी. लिटरला १२ किलोमीटर देणारी अशी जीप किलोमीटरमागे सव्वादोनशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते. माणशी वाटला तर तो १९ ग्रॅम होतो. तिला मागे टाकून हॉर्न वाजवत जाणारी नवी डिझेल एसयूव्ही लिटरला १५ किलोमीटर देत असेल आणि आत एकटा माणूस असेल, तर त्याच्या एकट्याच्या वाट्याला १८० येतात. त्या एसयूव्हीचा धूर ती विकली त्याच वर्षी कुठल्याशा अहवालात, अकराव्या गटात लिहून झालेला असतो. वडापच्या जीपचे दीड लाख कधीच संपले. तिचे पुढचे सगळे किलोमीटर कुणाच्याच वहीत नाहीत.